बेहालातलं वर्षावन

ज्या माणसाला पळून जाता येत नाही त्याच्याशीच जंगलाबद्दल बोलावं, हा काकूंच्या प्रचाराचा पहिला नियम होता. दुसरा नियम करायची वेळ आली नाही, पहिलाच पुरून उरला. म्हणून त्या कोलकात्यातल्या बेहालाच्या बाजारात हमखास सापडायच्या त्या मासळीच्या ओट्यांपाशी. स्वतः चातुर्मासात कांदासुद्धा न खाणाऱ्या, पण मासे घ्यायला आलेला माणूस अडकलेला असतो हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. रोहू पसंत पडला, तोलून झाला, मासेवाला तो उभ्या विळीवर साफ करायला बसला, की पुढची दहा मिनिटं गिऱ्हाइकाला मासा सोडून हलता येत नाही. ती दहा मिनिटं काकूंची.

मीही तशीच सापडले. बँकेतल्या बदलीवर कोलकात्यात येऊन मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. मालवणी घरातली असल्यामुळे गोड्या पाण्यातल्या माशांबद्दल माझ्या मनात अढी होती, आणि तीच मी फोनवर आईला ऐकवत होते. फोन ठेवते तर समोर पासष्टीच्या एक बाई. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला पाच किलो गहू मावतील एवढी पिशवी. कोलकात्यात मराठी माणसाला मराठी माणूस भेटला की आधी 'बदली कुठून' हे विचारायची रीत आहे. त्यांनी ते विचारलं नाही. पिशवीतून लोणच्याची एक जुनी बाटली काढून माझ्या नाकासमोर धरली. आत स्पिरिटमध्ये काळपट काहीतरी तरंगत होतं.

"जळू आहे," त्या म्हणाल्या. "ही जिथे राहते ते जंगल तोडणार आहेत. सही कर."

जळू वाचवण्यासाठी कुणी सही मागेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण माझा मासा अर्धाच कापून झाला होता, म्हणून मी सही केली. मासेवाला खाली मान घालूनच हसत होता. माशिमांना, म्हणजे काकूंना, त्यानं कितीदा तरी सही दिली होती, तीही बापाचं नाव, गल्ली आणि मोबाइल नंबरासकट. माशिमा सही घेतल्याशिवाय ओट्यापुढून हलत नाहीत आणि मागची गिऱ्हाइकं खोळंबतात, असं त्याचं साधं गणित होतं.

ते जंगल होतं आसामच्या पार पूर्वेच्या टोकाला. काकूंना 'जंगल' म्हटलेलं चालत नसे. जंगल कुठेही उगवतं, हे वर्षावन आहे, असं त्या बजावायच्या, आणि समोरचा 'वर्षावन' म्हणेपर्यंत पुढे सरकायच्या नाहीत. लग्न होऊन साताऱ्याहून निघालेल्या काकू थेट त्या वर्षावनाच्या काठावर जाऊन पडल्या होत्या. काका सरकारी कंपनीत सर्व्हेअर होते, त्यांची पहिली नेमणूक तिथली. खांबांवरचं बांबूचं घर, वर्षातले आठ महिने पाऊस, आणि बोलायला कुणी नाही. पहिल्या महिन्यात त्या रडल्या. दुसऱ्या महिन्यात गावातल्या बायकांबरोबर रानभाजी खुडायला आत जायला लागल्या, आणि मग दोन वर्षं त्यांचा पाय घरात ठरला नाही. पुढे काकांच्या बदल्या होत होत ती दोघं कोलकात्याला आली आणि काका निवृत्त झाल्यावर बेहालातच राहिली. आणि आता तिथे कोळशाची उघडी खाण होणार असल्याची बातमी आली होती.

ज्यांनी वर्षावन पाहिलं नाही त्यांना ते कसं पटवायचं, यावर काकूंनी बरेच प्रयोग केले. त्यातल्या एका प्रयोगाला मी हजर होते. स्वतःच्या फ्लॅटमधल्या छोट्या खोलीत त्यांनी ओली पोती टांगली, खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, कोपऱ्यात विजेची किटली उकळत ठेवली आणि महाराष्ट्र मंडळातल्या आम्हा सहाजणींना आत बसवून बाहेरून कडी घातली. वीस मिनिटं. कोलकात्यात मे महिन्यात यासाठी वेगळी सोय करावी लागत नाही, पण तो डिसेंबर होता. बाहेर आलो तेव्हा एकीची केशरचना उतरली होती, दुसरीनं तिकडे पाय ठेवणार नाही अशी शपथ घेतली होती. काकू खूश. तुम्हाला घाम आला म्हणजे विषय पोचला, असं त्यांचं मत.

शिकवताना मात्र त्यांना तोड नव्हती. वनस्पतिशास्त्राचा एकही शब्द न वापरता त्या सगळं वन नात्यागोत्यात बसवायच्या. उंच होलोंगचं झाड म्हणजे घरातले थोरले, ते पडले की सगळ्यांवर ऊन. झाडावर उगवून झाडालाच आवळणारा वड म्हणजे चार दिवसांसाठी आलेला दीर. धनेश पक्ष्याची मादी अंडी घालायला ढोलीत बसते आणि दार लिंपून घेते, नर बाहेरून फळं आणून भरवतो. हे सांगताना त्या मंडळातल्या सगळ्या नवऱ्यांकडे एकदा बघून घेत. मंडळाच्या गणेशोत्सवात त्यांना 'दोन शब्द' बोलायला पाच मिनिटं दिली, त्यातली तीन त्यांनी तिथल्या शेपूट नसलेल्या माकडाची हाक काढण्यात घालवली. हाक अस्सल असावी. मांडवातली दोन बाळं रडायला लागली आणि फोर्ट विल्यममधून आलेल्या एका कर्नलसाहेबांनी खुर्ची मागे सरकवली.

या सगळ्यात काका कुठे असायचे, तर खुर्चीत, वर्तमानपत्रामागे. उंच, किडकिडीत, बोलणं तोलूनमापून. त्यांच्या पेन्शनच्या कागदांच्या तीन प्रती तीन कपाटांत असत आणि चौथी गावी भावाकडे. घरात ओली पोती टांगली तर ते पोत्यांखालून वाकून जात. घराबाहेर मासेवाल्यापासून मेट्रोच्या रखवालदारापर्यंत सगळ्यांना पकडणारी ही बाई आपल्या नवऱ्याशी मात्र या विषयावर अक्षर बोलत नसे. मला वाटायचं, काकांना कंटाळा असेल. जळवा त्यांनाही चावल्या असतील की.

मग त्या वर्षीची संक्रांत आली. खाणीबद्दल जनसुनावणी लागली होती आणि ज्यांना हरकत घ्यायची त्यांनी फेब्रुवारीअखेर लेखी पाठवावी, असं जाहीर झालं होतं. तिथल्या गावातली एक शाळेतली बाई काकूंना फोनवर सगळं कळवायची. ई-मेल चालत होता, पण काकूंना तो मंजूर नव्हता. ई-मेल एका बोटानं पुसता येतो, पत्रांचं पोतं उचलायला दोन माणसं लागतात, असं त्या म्हणायच्या. तेव्हा पत्रंच पाठवायची ठरली, आणि एवढी माणसं एका जागी अडकतील असा प्रसंग काकूंनी अचूक निवडला. हळदीकुंकू.

डमडमपासून फोर्ट विल्यमपर्यंतच्या मराठी बायका काळ्या साड्या नेसून, नटूनथटून बेहालाला आल्या. दारातच टेबल. टेबलावर पोस्टकार्डांचा गठ्ठा, पेनं आणि पाठीमागे काकू. आधी पत्र, मग हळदीकुंकू. पत्राशिवाय तिळगूळ नाही, वाण नाही, आणि आत बटाटेवडे तळल्याचा वास तर दरवळत होता. बायका बसल्या लिहायला. लग्नानंतर कित्येकींनी पत्र म्हणून लिहिलेलं नव्हतं. मायना काय लिहायचा इथून सुरुवात. एकीनं 'तीर्थरूप मंत्रिमहोदयांस शिरसाष्टांग नमस्कार' लिहिलं, एकीनं घरी सगळे कुशल असल्याचं कळवून मग जंगलाकडे मोर्चा वळवला. काकू मजकुरात ढवळाढवळ करत नव्हत्या. मनापासून लिहा, एवढंच सांगत होत्या आणि लिहिलेलं कार्ड न वाचता पिशवीत टाकत होत्या. संध्याकाळपर्यंत पिशवी भरली. काकूंचा चेहरा असा उजळला होता की कुंकवाचीसुद्धा गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी गठ्ठे बांधायला गेले. काकू आत चहा करत होत्या. काकांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, वरचं एक कार्ड उचललं, उलटंसुलटं केलं, मग दुसरं, मग तिसरं. मग चष्मा पुसून सगळा गठ्ठा चाळला. आठवडाभरात प्रथमच त्यांचा आवाज ऐकला.

"यावर नावं नाहीत," ते म्हणाले. "निनावी अर्ज फायलीला लावत नाहीत. फाडून टाकतात."

काकू चहा तसाच टाकून धावत आल्या. आम्ही तिघांनी मिळून कार्डं पाहिली. 'एक निसर्गप्रेमी भगिनी.' 'आपली एक हितचिंतक.' 'सजग नागरिक, कोलकाता.' एकीनं तर नुसतं 'ओळखा पाहू' लिहिलं होतं. चूक कुणाचीच नव्हती, किंवा सगळ्यांची एकच होती. प्रत्येकीचा नवरा केंद्र सरकारात, सैन्यात नाहीतर सरकारी बँकेत. सरकारविरुद्ध कागदावर बायकोचं नाव गेलं तर उद्या ह्यांच्या गोपनीय अहवालात काय येईल, ही भीती त्या घरांत मिठामिरचीसारखी असते. कुणीही कुणाला न विचारता, दारातल्या टेबलाशी उभं राहून, प्रत्येकीनं एकच शहाणपण केलं होतं.

नाही, एक कार्ड होतं पूर्ण. नाव, पत्ता, नवऱ्याचं नाव, हुद्दा, कर्मचारी क्रमांक, सगळं सुवाच्य अक्षरात. त्यात लिहिलं होतं की जंगल अवश्य वाचवावं, आणि जमलं तर ह्यांची बदली पुण्याला करावी, सासूबाईंना आता होत नाही. एवढ्या मोठ्या गठ्ठ्यातली ती एकमेव वैध हरकत. काकू इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीत बसवावं लागलं. मग हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना, तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे हसणं राहिलेलं नाही. काका चहा बंद करायला आत निघून गेले.

माझं कार्ड त्या गठ्ठ्यात होतं का, असं काकूंनी विचारलं नाही. ते त्यांनी केव्हाच ओळखलं होतं. 'बँकक्षेत्रातील एक वाचक' ही मीच. मासळीबाजारात जळूसाठी दिलेली सही वेगळी, ती कुठल्या वहीत गेली कुणाला ठाऊक. पण नाव, हुद्दा, शाखा लिहून सरकारी खाणीविरुद्ध पत्र, तेही बढतीची मुलाखत तोंडावर असताना, हे मला जमलं नव्हतं. मला स्वतःचा राग आला, आणि राग आला की माणूस दुसऱ्याला बोलतो तशी मी मंडळातल्या बायकांनाच नावं ठेवायला लागले. काकूंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी गठ्ठे बांधायला घेतले.

पुढचे चार आठवडे त्या दारोदार हिंडल्या. मेट्रो, ऑटो, बस. डमडमला एका घरी त्यांना पोहे मिळाले, दुसऱ्या घरी उप्पीट, सही कुठेच नाही. नाव लिहून देणारे निघाले ते गल्लीतले बंगाली. मासेवाला, इस्त्रीवाला, औषधाच्या दुकानातले म्हातारे दादा. त्यांची पत्रं बंगालीत, लांबलचक, आणि खाली नावपत्ता ठसठशीत. ऑटोवाल्यांशी काकू बंगालीत भांडायच्या, म्हणजे शब्द बंगालीतले आणि ठसका साताऱ्याचा, आणि ऑटोवाले हिंदीत शरण यायचे.

फेब्रुवारीच्या मध्यावर त्या शाळेतल्या बाईचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. काकूंचा फोन नेहमी मोठ्या आवाजावर असे, कारण त्यांना ऐकू कमी येऊ लागलं होतं आणि हे त्यांना मान्य नव्हतं. बाई सांगत होती की खाणवाल्यांचा सगळा डोलारा एका जुन्या सरकारी नकाशावर उभा आहे. त्या नकाशात तो अख्खा पट्टा 'पडीक' दाखवलाय. जिथे वनच नाही तिथे तोडणार काय, असं ते विचारतात. पत्रं पाठवा, पण पत्रांनी नकाशा खोडला जात नाही. तो नकाशा चुकीचा आहे असं सांगणारं तेव्हाचं कुणी जाणकार मिळालं तर बघा. एवढं बोलून तिनं नकाशाचं वर्षही सांगितलं.

काकूंनी बघते म्हणून फोन ठेवला. वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज झाला, बस. मला वर्ष ऐकूनच कळलं होतं. त्या पट्ट्याचा सर्व्हे करणारा माणूस आमच्यापासून चार हातांवर बसला होता.

त्या मला सोडायला खाली आल्या तेव्हा मी विचारलं. सगळ्या बेहालाला विचारलंत, मग काकांना का नाही? काकूंनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. समोरून दोन बस गेल्या.

"ऑटोवाला नाही म्हणाला तर मी दुसऱ्या ऑटोत बसते," त्या म्हणाल्या. "हे नाही म्हणाले तर? मला त्यांच्याबरोबर राहायचंय अजून."

चाळीस वर्षांचा संसार, त्यात एकच प्रश्न न विचारता ठेवलेला, आणि तो एवढा जपून. मी मेट्रोत बसले आणि माझं स्टेशन सोडून दोन स्टेशनं पुढे गेले.

त्या खाणीचं काय झालं असं लोक विचारतात, म्हणून सांगून टाकते. सुनावणी पुढे ढकलली, मग आणखी पुढे ढकलली, नकाशाची फेरतपासणी करायचं ठरलं आणि ती अजून चालू आहे. झाडं उभी आहेत. काकू याला विजय म्हणतात. सरकारी कामाला विलंब लागतो हे आयुष्यभर ऐकलं, त्याचा पहिल्यांदा उपयोग झाला, असंही म्हणतात. मी आता नाशिकला आहे. मला कुणी काही विचारलं नाही, माझ्या गोपनीय अहवालात काही आलं नाही, बढतीही मिळाली. एवढ्याशा गोष्टीला आपण किती घाबरलो होतो याची लाज मात्र अजून जात नाही.

पत्रं टपालात टाकायच्या आदल्या शनिवारी मी बेहालाला गेले. गल्लीतल्या लोकांची पत्रं आणि मंडळातल्या दोघीतिघींनी अखेर धीर करून दिलेली नवी कार्डं टेबलावर रचलेली होती. जुनी निनावी कार्डंही काकूंनी टाकली नव्हती, फाडायचीच असतील तर त्यांनी फाडावीत म्हणून वेगळी बांधली होती. काका नेहमीच्या जागी नव्हते. ते आतल्या खोलीतून आले, हातात एक कागद होता. टाइप केलेला, समास सोडून, उजव्या कोपऱ्यात तारीख. तो त्यांनी काकूंच्या हातात दिला नाही, टेबलावर गठ्ठ्याच्या वर ठेवला, कडा जुळवल्या आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

काकूंनी चष्मा लावून वाचायला सुरुवात केली. मोठ्यानं वाचायची त्यांना सवय, त्यामुळे मलाही ऐकू आलं. पत्र सरकारी इंग्रजीत होतं, मुद्द्यांना आकडे घातलेलं. मुद्दा एक, सदर नकाशा मी तयार केलेला आहे. मुद्दा दोन, पावसामुळे त्या पट्ट्यात आत जाता आलं नाही आणि नकाशा मार्चअखेर हवा होता, म्हणून मी तो पट्टा बाहेरूनच पाहून पडीक दाखवला. मुद्दा तीन, तो पडीक नव्हता. मुद्दा चार, त्या काळात माझी पत्नी रोज आत जात असे. आत काय आहे हे मी दोन वर्षं रोज संध्याकाळी तिच्या तोंडून ऐकत होतो. मी ते नकाशात घेतलं नाही.

चौथा मुद्दा काकूंना पूर्ण वाचता आला नाही. उरलेला मी त्यांच्या खांद्यावरून वाचला, त्यांनी मनात. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. खाली काकांची सही होती, पूर्ण नाव, निवृत्त होतानाचा हुद्दा, पेन्शनचा क्रमांकसुद्धा. माझ्या हातांना काही काम नव्हतं, म्हणून मी कोरं कार्ड ओढलं आणि दोन ओळी लिहून खाली माझं नाव घातलं, मग हुद्दा, मग शाखा. कुणाचंच माझ्याकडे लक्ष नव्हतं.

काकूंनी नाक पुसलं आणि कागद डोळ्यांजवळ नेला.

"अहो, पत्ता राहिलाय," त्या म्हणाल्या.

"मग घाल की," काका खिडकीतून बाहेर बघतच म्हणाले. "हाच घाल. मी काय दुसरीकडे राहतो?"

काकूंनी पेन घेतलं. घराचा क्रमांक लिहिला, रस्ता लिहिला, बेहाला लिहिलं. मग हात थांबला. इतकी वर्षं इतक्या पत्रांवर लिहिलेला स्वतःच्या घराचा पिनकोड त्यांना काही केल्या आठवेना. शेवटी तो मी सांगितला.